विज्ञानपटाची संहिता शूटिंगआधी कशी तपासावी

विज्ञानपटाची संहिता तपासायला घेतली की बहुतेक मंडळी आधी विज्ञान बघतात. कृष्णविवर बरोबर आहे का, क्वांटम हा शब्द योग्य जागी आलाय का, प्रकाशाचा वेग नीट लिहिलाय का. हा क्रम उलटा आहे. एक अशक्य गोष्ट प्रेक्षक बिनतक्रार मान्य करतो. माणूस अदृश्य होतो, ठीक आहे. पाचव्या मिनिटाला सांगितलेला नियम पंधराव्या मिनिटाला मोडला, की मात्र त्याचा विश्वास उडतो. म्हणून आधी कथेचे स्वतःचे नियम, मग त्यांचे परिणाम, मग घटनाक्रम, मग आकडे, आणि दुरुस्ती सगळ्यांत शेवटी.

गोव्यात लघुपट करणाऱ्या गटांकडे पैसा आणि दिवस दोन्ही मोजकेच असतात. किनाऱ्यावरचा एक प्रसंग पुन्हा चित्रित करायचा म्हणजे पुन्हा होडी, पुन्हा परवानगी, पुन्हा ओहोटीची वाट. कागदावर ही चूक खोडरबराने निघते.

पुढे सगळीकडे एकच नमुना कथा धरली आहे. वीस मिनिटांचा लघुपट. गोव्याच्या किनाऱ्यापासून 30 किलोमीटरवर समुद्रात आकाशातून एक वस्तू कोसळते. पणजीजवळ दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या एका संशोधिकेच्या हाती त्यातलं एक यंत्र लागतं. ते अंगाला बांधून कळ दाबली की माणूस क्षणात दुसरीकडे पोचतो. शेवटी ती त्या यंत्राच्या जोरावर पुरात अडकलेल्या एका मुलाला वाचवायला निघते.

तयारी

संहिता छापून घ्या. प्रत्येक प्रसंगाला क्रमांक द्या आणि उजवीकडे रुंद समास सोडा. मोबाइलवर वाचताना डोळा पुढे सरकत राहतो, मागचं पान उलटून बघणं होत नाही, आणि या कामात मागचं पान सतत उलटावं लागतं.

सोबत तीन कोरे कागद ठेवा: एक नियमांचा, एक घटनाक्रमाचा, एक ‘कोणाला काय माहीत’ याचा. शिवाय कॅल्क्युलेटर, अंतर मोजता येईल असा गोव्याचा नकाशा, शूटिंगच्या महिन्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि तिथी दाखवणारं कॅलेंडर. तिथी कशाला, ते पाचव्या टप्प्यात येईल.

माणसं दोन हवीत: लेखक आणि लेखक नसलेला कुणीतरी. लेखकाच्या डोक्यात सगळी कथा असते, त्यामुळे कागदावर जे नाही तेही त्याला दिसतं. त्याने एकट्याने केलेली तपासणी अर्धीच होते.

सावधान: या बैठकीत संवाद सुधारत बसू नका. एकदा शब्दांत अडकलात की नियम तपासायचे राहून जातात.

1. नियमांचं पान लिहा

कथेत जी अशक्य गोष्ट आहे तिच्यासाठी पाच ओळी लिहा. ती काय करते. काय करू शकत नाही. वापरण्याची किंमत काय (वेळ, वीज, शरीराला त्रास). ती कोणाकोणाला ठाऊक आहे. बिघडते कशाने.

नमुना कथेत हे असं होईल: यंत्र एका माणसाला 500 किलोमीटरपर्यंत नेतं, अंगावरच्या सामानासकट 75 किलोंपेक्षा जास्त वजन नेत नाही, एकदा वापरल्यावर सहा तास चालत नाही, फक्त संशोधिका आणि तिचा सहायक यांना माहीत आहे, पाण्यात बुडालं तर कायमचं बंद पडतं.

दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. काय करू शकत नाही हे लिहिलं नसेल तर पुढचं सगळं लिखाण हवेत आहे. मर्यादा नसलेलं यंत्र प्रत्येक अडचण सोडवतं, आणि मग अडचण उरतच नाही.

पडताळा: संहितेतला यंत्राचा प्रत्येक वापर शोधून समासात खूण करा. प्रत्येक खुणेपुढे पाचही नियम पाळले गेलेत का ते लिहा. एकही खूण ‘इथे चालतं, कारण प्रसंगाला गरज आहे’ या कारणावर उभी असेल तर तिला तांबडी फुली मारा. फुलीची दुरुस्ती आत्ता करायची नाही.

2. यंत्र पाच अनोळखी हातांत द्या

सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

नायिकेला बाजूला ठेवा. तेच यंत्र, त्याच नियमांसकट, कथेबाहेरच्या पाच माणसांना दिलं तर ती काय करतील ते एकेका ओळीत लिहा: मडगावच्या बाजारातली मासेविक्रेती, एक चोर, पोलीस निरीक्षक, आजारी मुलाची आई, आणि नायिकेचा स्पर्धक. मासेविक्रेती म्हणेल, सकाळचं विसवण (सुरमई) बेळगावला ताजं पोचेल. चोर म्हणेल, बँकेच्या तिजोरीत जाता येईल. आई म्हणेल, मुलाला आत्ताच्या आत्ता इस्पितळात नेते. या पाचांपैकी एकाने सुचवलेला वापर नायिकेच्या अडचणीवर संहितेतल्या उपायापेक्षा सोपा निघाला, तर प्रेक्षकही तो पाच मिनिटांत शोधणार.

यंत्र एकच आणि गुप्त असेल तर एवढ्यावर भागतं. पण कथा ‘2060 सालचं गोवा’ असेल आणि यंत्र घरोघरी असेल, तर आजूबाजूचं जगही बदललेलं दिसायला हवं. इथे पार्श्वभूमी घात करते. समजा प्रसंगात नायिका टेलिपोर्ट होऊन, म्हणजे यंत्राने क्षणात, पणजीत येते, आणि तिच्या मागे रायबंदरच्या धक्क्यावर दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत स्कूटरवाल्यांची दाटी दिसते. दिवाडीला पूल नाही, म्हणून आज फेरी लागते. टेलिपोर्ट स्वस्त असतं तर त्या धक्क्यावर कुत्रंही उभं राहिलं नसतं. इथे तीनच वाटा आहेत: यंत्र महाग आहे, यंत्राने वाहन जात नाही, किंवा फ्रेम बदला. ‘वाहन जात नाही’ ही वाट मला सर्वांत आवडते, कारण मग स्कूटरवाल्यांची तीच गर्दी नियम न सांगता दाखवते.

आणखी एक चाचणी इथेच करून घ्या: अशक्य गोष्टीचा शरीरावर परिणाम. पूर्ण अदृश्य माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावरही प्रकाश अडणार नाही, म्हणजे तो आंधळा होईल. दसपट मोठी झालेली कुर्ली (खेकडा) घेतली, तर तिचं वजन हजारपट होतं, पण पायांच्या काटछेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. म्हणजे पायांवरचा ताण दसपट. ती धावण्याआधी कोसळेल. हे टाळलंच पाहिजे असं नाही. पण तुम्हाला ते ठाऊक हवं, म्हणजे कुर्ली पाण्यात ठेवता येते, तिथे वजनाचा प्रश्न बराच हलका होतो.

3. घटनाक्रम दोन रकान्यांत मांडा

डावीकडे पडद्यावरचा क्रम, उजवीकडे घडण्याचा खरा क्रम, दिवस आणि घड्याळाच्या वेळेसह. ‘थोड्या वेळाने’ लिहू नका, ‘मंगळवार, दुपारी 3:40’ लिहा. वेळ घातली की लगेच दिसतं की सहा तास बंद राहणारं यंत्र चार तासांत दुसऱ्यांदा वापरलंय.

मग तिसरा कागद घ्या. पात्रांची नावं आडवी, प्रसंग क्रमांक उभे. एखादी माहिती पात्राला ज्या प्रसंगात कळते तिथे खूण करा. नायिका अकराव्या प्रसंगात म्हणते, ‘पाणी लागलं की हे बंद पडतं,’ पण ती चाचणी सहायकाने आठव्या प्रसंगात एकट्याने केली होती आणि तिला सांगितली नव्हती. प्रेक्षकाने पाहिलं म्हणून पात्रालाही कळलं, अशी समजूत लेखकाची होऊन बसते. ही चूक वाचताना जवळजवळ दिसत नाही; तक्त्यात लगेच दिसते.

कथेत काळप्रवास असेल तर प्रत्येक फेरीसाठी वेगळ्या रंगाची ओळ काढा आणि आधीच ठरवा: भूतकाळ बदलता येतो की नाही. दोन्ही एकाच संहितेत चालत नाही. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरते. तासभर मागे गेलेला माणूस ‘त्याच जागी’ उतरला, तर ती जागा आता एक लाख किलोमीटरहून लांब आहे. यंत्र पृथ्वीशी बांधलेलं आहे, एवढी एक ओळ नियमांच्या पानावर टाका आणि पुढे चला.

4. आकडे काढा

गणित दहावीचंच लागतं. प्रत्येक प्रसंगासाठी अंतर, वेग, वेळ, वजन आणि ऊर्जा यांतलं जे लागू असेल ते काढा.

नमुना कथेच्या पहिल्या प्रसंगात वस्तू कोसळते, त्याच क्षणी धडाका ऐकू येतो आणि दहा सेकंदांत लाट किनाऱ्यावर येते. आता हिशेब करू. अंतर 30 किलोमीटर. प्रकाश तत्क्षणी दिसतो. जमिनीतून येणारा हादरा सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगाने, म्हणजे 5 सेकंदांत पोचतो. हवेतला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 87 सेकंद. लाटेच्या वेगासाठी पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या, 9.8 ने गुणा, वर्गमूळ काढा. उत्तर मीटर प्रति सेकंद. सरासरी खोली 30 मीटर धरली तर वेग सेकंदाला 17 मीटर, आणि 30 किलोमीटरला सुमारे 29 मिनिटं.

म्हणजे खरा क्रम असा: लखलखाट, मग पायाखालची थरथर, मग जवळजवळ दीड मिनिट शांतता, मग धडाका, आणि अर्ध्या तासाने पाणी. ही दीड मिनिटं फुकट मिळालेली आहेत. रशियात चेल्याबिन्स्कवर 2013 साली सुमारे 20 मीटरची उल्का हवेत फुटली, तेव्हा लखलखाट बघायला लोक खिडक्यांशी गेले, आणि मग आलेल्या दाबाच्या लाटेने काचा त्यांच्या अंगावर फुटल्या. तुमच्या कथेतली माणसंही खिडकीशीच जातील.

कोण काय बघू शकतं हेही इथेच तपासा. वाळूत उभ्या माणसाला समुद्राचा पृष्ठभाग साधारण 5 किलोमीटरपर्यंतच दिसतो, पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. 30 किलोमीटरवर उसळलेल्या पाण्याचा खालचा जवळजवळ 50 मीटरचा भाग त्याला दिसणारच नाही. पात्राला टेकडीवर न्या, किंवा फक्त वरचा भाग दाखवा.

आता टेलिपोर्ट. पणजीची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे सेकंदाला सुमारे 448 मीटर जाते. मुंबईची थोडी कमी, सुमारे 440. पणजीहून मुंबईला क्षणात पोचलेला माणूस आपला वेग सोबत नेत असेल, तर फक्त या फरकामुळे तो पूर्वेच्या भिंतीवर ताशी 30 किलोमीटरने आदळेल. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे 1350 मीटर वर गेला, तर 60 किलो वजनासाठी 0.22 युनिट ऊर्जा लागते. ऐकायला किरकोळ, पण ती त्याच्या शरीरातूनच घेतली, तर अंगाचं तापमान पावणेचार अंशांनी उतरेल. 37 वरून 33. थरथर, जड जीभ, गोंधळलेलं डोकं. उलट वरून खाली आला तर जवळजवळ 41 ताप. यंत्राची ‘किंमत’ शोधत असाल तर ती ही इथे आयती तयार आहे.

कथा अवकाशात जात असेल तर एवढं पुरे: चंद्रापर्यंत रेडिओ संदेशाला सव्वा सेकंद, मंगळापर्यंत जागेप्रमाणे 3 ते 22 मिनिटं, म्हणजे मंगळाशी फोनवर गप्पा नाहीत. 400 किलोमीटरवरचं अवकाश स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं आणि एका गावावरून फार तर दहाएक मिनिटं दिसतं. निर्वात पोकळीत माणूस फुटत नाही आणि लगेच गोठतही नाही. 10 ते 15 सेकंदांत शुद्ध हरपते. फिरत्या यानात पृथ्वीएवढं वजन हवं असेल आणि मिनिटाला दोनच फेरे असतील, तर त्रिज्या सुमारे 224 मीटर लागते. 10 मीटर त्रिज्येच्या यानाला मिनिटाला साडेनऊ फेरे घ्यावे लागतात आणि आतली माणसं ओकत बसतील. मंगळावरची हवा इतकी विरळ आहे, की तिथलं ताशी 160 किलोमीटरचं वादळ इथल्या 20 किलोमीटरच्या वाऱ्याएवढंच ढकलतं.

सावधान: काढलेला प्रत्येक आकडा संवादात घालू नका. आकडा प्रसंगाची लांबी, पात्राची जागा आणि आवाजाची वेळ ठरवण्यासाठी आहे.

5. आकाश, पाणी आणि महिना

गोव्यातला प्रेक्षक कृष्णविवराबद्दल तुमच्यावर विश्वास ठेवील. भरतीबद्दल ठेवणार नाही.

आपला समुद्र पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला, म्हणजे घाटाच्या बाजूने उगवतो. संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर उभी असलेली नायिका समुद्रातून वर येणारा पूर्ण चंद्र पाहू शकत नाही. समुद्रावर संध्याकाळी दिसते ती शुक्ल पक्षातल्या पहिल्या दिवसांची कोर, आणि तीही मावळायला चाललेली. ध्रुव तारा क्षितिजापासून फक्त साडेपंधरा अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेली दीड मूठ. सूर्य ऐन डोक्यावर येतो तो बारा वाजता नाही, साडेबाराच्या आसपास.

भरती दिवसातून दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी सुमारे 50 मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. संहितेतल्या तारखेला तिथी लावा. चंद्र आणि पाणी दोन्ही ठरून जातात.

‘तोच दिवस पुन्हा पुन्हा’ या प्रकारच्या कथेला इथे खास जपा. कथेत दिवस तोच असतो, पण तुम्ही चित्रण चार दिवस करता. चौथ्या दिवशी त्याच वेळी भरती-ओहोटी सुमारे अडीच तास मागे असते. पहिल्या फेरीत ओला असलेला खडक चौथ्या फेरीत कोरडा दिसतो. एक तर किनाऱ्याचे सगळ्या फेऱ्यांचे शॉट एकाच दिवशी, एकाच तासात उरका, नाहीतर फ्रेममधून पाण्याची रेषा काढा.

महिनाही बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. जुलैतल्या कथेत ट्रॉलरवाल्याने ती वस्तू पाहिली असं लिहिता येणार नाही. नमुना कथेत शेवटी पूर आहे म्हणजे पावसाळा, आणि सुरुवातीला ट्रॉलर. दोन्ही जुळवायचे तर कथा ऑगस्टमध्ये न्या.

पडताळा: संहितेतला प्रत्येक बाहेरचा प्रसंग घ्या आणि समासात चार गोष्टी लिहा: दिशा, तिथी, भरती, महिना. चारांपैकी एकही लिहिता येत नसेल तर लेखकाने ती ठरवलेलीच नाही.

6. माणसं तशी वागतील का

किनाऱ्यावर अनोळखी वस्तू आली तर तिथे पहिला कोण पोचतो? संशोधक नाही. मच्छीमार, जीवरक्षक, मोबाइल घेतलेले पर्यटक, मग पोलीस आणि अग्निशमन दल. समुद्राच्या बाजूने तटरक्षक दल. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्यामुळे आकाशातून काही पडल्यावर नौदल गप्प बसलंय हे पटणार नाही. त्सुनामीचा इशारा दोनापावलहून निघत नाही. तो हैदराबादच्या केंद्रातून येतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्राचा अभ्यास होतो. तिथल्या एकट्या माणसाच्या खिशात अख्ख्या प्रयोगशाळेची किल्ली नसते.

संशोधिकेला यंत्र एकटीला सापडायचं असेल तर या सगळ्यांना चुकवण्याचं कारण द्या. रात्र, भरतीने दुसरीकडे वाहून आलेला तुकडा, मानशीत (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारात) अडकलेली पेटी. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीशी पहाटे कोण जातं हे इथल्या माणसाला माहीत असतं.

‘रेंज नाही’ हे कारण संहितेत फार तर एकदा.

7. दुरुस्ती, याच क्रमाने

आता तांबड्या फुल्यांकडे या. प्रत्येक फुलीवर पुढचे उपाय वरून खाली लावून बघा आणि पहिला लागू पडेल तिथे थांबा. प्रसंग काढता येतो का? अंतर, वेळ किंवा वजन बदलून भागतं का? मर्यादा आधीच्या प्रसंगात पेरता येते का? किंमत वाढवून वापर अवघड करता येतो का? यातलं काहीच जमलं नाही, तरच संवादात स्पष्टीकरण, आणि तेही दोन ओळींत. बहुतेक लेखक शेवटच्या उपायापासून सुरुवात करतात, म्हणून त्यांच्या संशोधकांना भाषण द्यावं लागतं.

पेरणी कशी दिसते बघा. मूळ संहितेत सहायक म्हणतो, ‘मॅडम, तुम्हाला माहीतच आहे, हे यंत्र 75 किलोंच्या वर चालत नाही.’ जे दोघांनाही माहीत आहे ते दोघं एकमेकांना सांगतायत. हे खोटं वाटतं. दुरुस्त प्रसंगात एकही शब्द नाही. संशोधिका पाठीला सॅक लावून वजनकाट्यावर चढते. काटा 76. ती सॅक उतरवून त्यातून पाण्याची बाटली काढते. 75.2. चपला काढते. काटा 75 च्या किंचित खाली येतो, आणि ती अनवाणीच यंत्राची कळ दाबते. शेवटच्या प्रसंगात मूल तिच्या कडेवर येतं, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

सावधान: प्रत्येक दुरुस्ती नवा नियम घेऊन येते. तो नियमांच्या पानावर लिहा आणि दुसरा टप्पा पुन्हा करा. वजन वाढू नये म्हणून तिने मुलाला यंत्र बांधून एकट्याला पाठवलं तर? आजारी मुलाच्या आईने दुसऱ्या टप्प्यात हेच सुचवलं असतं. याचं उत्तर संहितेत हवं, किंवा तोच तुमचा शेवट असायला हवा.

8. बाहेरच्या माणसांसमोर वाचन

कथा न सांगितलेली तीन-चार माणसं बसवा. एकाने मोठ्याने वाचावं, लेखकाने गप्प बसावं. ‘आवडलं का’ विचारू नका. दर पाच पानांनी थांबून विचारा, ‘हे यंत्र काय करू शकत नाही?’ उत्तर चुकलं तर पेरणी कमी पडली आहे. वाचनात कुणी प्रश्न विचारला तर तो प्रसंग क्रमांकासह लिहून घ्या. उत्तर देऊ नका, कारण चित्रपटगृहात तुम्ही शेजारी नसणार.

मग नियमांचं पान, घटनाक्रम आणि चार गोष्टींचा समास यांची एक प्रत कंटिन्युइटी (एका शॉटचं दुसऱ्याशी जुळणं) सांभाळणाऱ्याच्या हातात द्या. सेटवर ऐन वेळी संवाद बदलला तर तो आधी या माणसाने बघायचा.

शूटिंग झाल्यावर सापडलं तर

आधी आवाजाकडे वळा. धडाका 87 सेकंद पुढे सरकवणं संकलनात फुकट होतं. पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असलेला शॉट शोधा. तिथे एखादं वाक्य नव्याने डब करता येतं. पाण्याची रेषा चुकली असेल तर फ्रेम क्रॉप करून बघा. चंद्र चुकला असेल तर तो शॉट काढून टाका, व्हीएफएक्सने हलवायला जाऊ नका. सावल्या आणि पाण्यावरची तिरीप जुन्याच जागी राहते. आणि नियमच मोडला असेल, म्हणजे सहा तासांचं यंत्र चार तासांत चाललं असेल, तर भिंतीवरच्या घड्याळाचा एक नवा शॉट घरी घ्या आणि दोन प्रसंगांच्या मध्ये लावा.